नखाखालचे हाड

पुण्यात शस्त्रक्रियेचा इतिहास सांगायचा, तर कावसजीच्या नाकापासून आरंभ करावा, असे कोणीही सुचवील. टिपूशी झालेल्या युद्धात कापले गेलेले त्याचे नाक येथील एका देशी शस्त्रवैद्याने कपाळाच्या कातडीने पुन्हा उभे केले. १७९४ साली ती हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली. नाकाला कीर्ती मिळाली, पायाच्या अंगठ्याला मात्र कोणी विचारले नाही. आज खराडीकर श्रोत्यांपुढे आम्ही त्या अंगठ्याचीच बाजू मांडणार आहोत.

अंगठ्याच्या टोकाशी, नखाखाली, कधी कधी हाडाचा एक कोंभ वाढतो. बहुधा तरुण वयात. तो कर्करोग नव्हे. पण वर नख, खाली हाड, अशा चिमट्यात सापडलेले मांस असे ठणकते की वहाण घालवत नाही. नख उचलले जाते, वाकडे होते, आणि पाहणारा त्यालाच दोषी धरतो. कोणी कुरूप म्हणतो, कोणी चामखीळ, कोणी नखुरडे. नख उपटतात, नवे येते, दुखणे तेथेच.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात हाडांच्या दोषांतून होणाऱ्या विकारांची लहानशी यादी आहे. तीत ‘अध्यस्थि’, म्हणजे अधिकचे हाड, आणि ‘कुनख’, म्हणजे बिघडलेले नख, ही दोन्ही नावे आहेत. नखाचे दुखणे हाडाच्या खात्यावर मांडावे, ही दृष्टी आम्हांस मोलाची वाटते. एवढ्यावरून हा विकार सुश्रुतास ठाऊक होता असे म्हणणे मात्र अभिमानाचे होईल, इतिहासाचे नव्हे.

तो वेगळा ओळखून वर्णन केला पॅरिसच्या द्युपुइत्राँ या शल्यवैद्याने, १८१७ साली. नखाशी झुंजण्यात अर्थ नाही, गाठ बुडापासून काढली पाहिजे, हे त्यावरून उमगले. ईथरची गुंगी जगापुढे आली १८४६ साली; तोवर रोग्याने हे सारे शुद्धीवर सोसायचे! पुढे १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले, आणि नखाला हात न लावता खालचे हाड दिसू लागले.

आज बोटाच्या मुळाशी सुई टोचून ते बधिर करतात. नख उचलून किंवा काढून, त्याखालची गादी जपत, कोंभ कूर्चेच्या टोपीसकट मूळ हाडापर्यंत काढतात. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, कारण क्वचित त्याच जागी घातक गाठही असते. बूड राहिले तर कोंभ पुन्हा येतो. तेव्हा घरातल्या कोणाचे नख दुसऱ्यांदा काढण्याची वेळ आली, तर आधी अंगठ्याचे क्ष-किरण चित्र मागावे.