बैलाचे दुखणे आणि गिधाडाचे मरण

चांद्याचा इतिहास म्हटला की गोंड राजे, त्यांचा परकोट आणि बल्लारशाचा किल्ला एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण या मुलखाच्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासात औषधाच्या एका लहानशा कुपीलाही जागा द्यावी लागेल. ती हकीकत मी येथे थोडक्यात सांगणार आहे.

१९८२ साली गडचिरोली हा चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. त्या सुमारास देशात गिधाड हा दुर्मिळ पक्षी नव्हता. गावाबाहेर ढोर टाकले की थवा उतरे आणि पाहता पाहता हाडेच उरत. हे पाहून मोठे झालेल्या माझ्यासारख्यांना, पुढे एक दिवस आभाळ असे रिकामे होईल, ही कल्पनाही शिवली नसती.

आता बैलाकडे वळू. धानाच्या मुलखात चिखलणीच्या दिवसांत बैल लंगडला म्हणजे शेतकऱ्याचा हंगामच लंगडतो. अशा वेळी सूज उतरविणारे आणि वेदना शमविणारे औषध म्हणजे मोठाच आधार. दुखावलेल्या अवयवात सूज व कळ निर्माण करणारी द्रव्ये शरीर स्वतःच तयार करते. ही औषधे त्यांची निर्मिती रोखतात. त्यांतले डायक्लोफेनॅक मूळचे माणसांचे. १९९० नंतरच्या दशकात ते आपल्याकडे जनावरांसाठीही स्वस्तात मिळू लागले. सुई टोचली की बैल उभा राही. मुक्या जिवाची कळ थांबावी असे ज्याला वाटले, त्याचा यात दोष तो कोणता?

परंतु याच काळात गिधाडे मरू लागली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी ही घट प्रथम नोंदविली. एखादी साथ असावी, असा पुष्कळांचा तर्क होता. अखेर २००४ साली लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडे तपासून उलगडा केला. डायक्लोफेनॅक दिलेले ढोर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते, आणि युरिक आम्ल खडूच्या भुकटीसारखे काळजा-यकृतावर साचते. गिधाडे एकेका ढोरावर थव्याने जेवतात. म्हणून शंभरांत एखादे ढोर विषारी असले तरी संहाराला पुरे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारांत एक उरली. त्याची किंमत माणसांनीही मोजली. सडणारी ढोरे, नासलेले पाणी आणि वाढलेली कुत्री यांमुळे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे.

२००६ साली सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही, हेही प्रयोगांनी सिद्ध झाले. येथे गोष्ट संपावयास हवी होती. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या. २०१५ साली त्या एका मात्रेपुरत्या करण्यात आल्या. मग एसीक्लोफेनॅक आले, आणि ते गाईबैलांच्या शरीरात जाऊन पुन्हा डायक्लोफेनॅकच होते असे आढळले! ते आणि किटोप्रोफेन २०२३ साली बंद झाले. निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस. म्हणजे प्रत्येक वेळी औषध आधी बाजारात आले आणि गिधाडाचा विचार मागाहून झाला. मला या इतिहासाचे मर्म येथेच दिसते.

आपल्या जंगलमुलखाने मात्र या कथेत काही चांगली पानेही घातली आहेत. गडचिरोलीत कुनघाड्याच्या बाजूला वनखात्याने गिधाडांची ‘उपाहारगृहे’ उभारली. औषधमुक्त मृत ढोरे तेथे ठेवावयाची आणि गावकऱ्यांनी त्यांची राखण करावयाची, अशी ही योजना. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पुठ्ठ्याची दहा गिधाडे ताडोबातील बोटेझरीला आणली गेली. पण पिंजऱ्यात वाढविलेला पक्षी आभाळात सोडला तरी तो खाणार आपल्याच गोठ्यातले मेलेले ढोर.

म्हणून माझे म्हणणे इतकेच की, बैलाला कळ सोसावयास लावून गिधाड वाचविता येणार नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही. पशुवैद्याकडून मेलॉक्सिकॅम मागून घ्यावे. वजनाच्या अंदाजाने बेतलेली मात्राच द्यावी. अशी दोन औषधे एकदम देऊ नयेत. पाणी तुटलेल्या जनावराला देताना विशेष जपावे, कारण त्याचे स्वतःचे मूत्रपिंडही यात धोक्यात येते. घोड्यांना तर अशा औषधांच्या अतिरेकाने पोटात व्रण होतात. दुसरे कोणते औषध टोचल्यावर थोड्याच दिवसांत ढोर दगावले, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. औषध बैलाच्या अंगात शिरते, पण तेथेच संपत नाही. त्याच्यामागून जेवावयास कोण येणार आहे, हे सुई उचलण्यापूर्वी विचारणे, एवढाच धडा या मोठ्या मरणातून आपण घ्यावयाचा आहे.