पाड्यावरची शाळा आणि चित्रकलेचा तास

आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदोनदा चित्रकलेचा तास असायचा. परीक्षा जवळ आली की तो तास हमखास गणिताच्या सरांकडे जायचा. माझ्याही शाळेत असंच होई आणि त्यात काही चुकतंय असं कोणालाही वाटत नसे. चित्रकला, गाणं, नाटक हे सगळं अभ्यास संपल्यावर उरलेल्या वेळात करायचं, अशीच आपली समजूत. आज मला बोलायचं आहे ते ही समजूत मोडून काढणाऱ्या काही माणसांविषयी.

मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. इंग्रजी अमदानीत शाळांमध्ये जे ड्रॉइंग आलं, त्यामागे मुलांचा हात आणि डोळा तयार करावा हा विचार होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडे अजूनही होतात. त्यांनी कितीतरी चांगले चित्रकार घडवले, याबद्दल दुमत नाही. पण यात कला हा एक विषय होता. भूगोल, भाषा, गणित तिच्यापासून दूरच राहिले.

दुसरी वाट निघाली ती भावनगरमधून. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं, या प्रश्नाने ते मॉन्टेसरीबाईंच्या पुस्तकांकडे वळले. १९१६ साली ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर उघडलं. पुढे त्यांनी ‘दिवास्वप्न’ हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यातले मास्तर चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करण्याची परवानगी मागून घेतात. पहिल्या दिवशी मुलांना शांत बसवण्याचा त्यांचा बेत पार फसतो. दुसऱ्या दिवशी ते गोष्ट सांगायला लागतात आणि वर्ग आपोआप शांत होतो. मग गोष्टीतून वाचन येतं, नाटक येतं, आणि अभ्यासही त्याच वाटेने पुढे सरकतो.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. अगदी लहान मुलांना परीकथा सांगाव्यात, हे खुद्द मॉन्टेसरीबाईंना फारसं मान्य नव्हतं. गिजुभाईंनी त्यांना गुरुस्थानी मानलं. पण गोष्ट मात्र सोडली नाही. ज्या देशात आजीच्या मांडीवर पहिली शाळा भरते, तिथे गोष्ट वगळून शिक्षण कसं करायचं?

१९२३ साली ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाईंनी राजकोटमधलं महिला ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून हे काम पत्करलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ताराबाईंचं खरं मोठं पाऊल १९४५ सालचं. त्या वर्षी त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या.

शहरातल्या बालमंदिरात महागडी साधनं होती. ती बोर्डीत कुठून आणणार? मग गोटे, शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. त्यांनी मोजायचं, त्यांच्याच रांगा लावायच्या, नक्षी मांडायची. गणित आणि रांगोळी एकाच अंगणात आली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच वस्तीत गेली आणि तिला नाव मिळालं अंगणवाडी. पुढे केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांचं अंगणवाडी हे नाव आज घराघरांत माहीत आहे.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीला शिकता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी रानातच शिकवायचं, ती कुरणशाळा.

मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. त्या वारली घरांत अक्षर पोचलं नव्हतं. पण चित्र होतं. लग्नात बायका तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत, धवलेरी गाणी म्हणे, तारप्यावर नाच होई. अशा घरातल्या मुलापुढे फक्त पाटी ठेवली, तर शाळा त्याला पहिल्याच दिवशी सांगते, ‘तुला काहीच येत नाही.’ गाणं, गोष्ट, नक्षी यांपासून सुरुवात केली, तर तेच मूल काहीतरी घेऊन वर्गात येतं. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, ते मूल कोरड्या वर्गातही कसंबसं तरून जातं. ज्याच्या घरी नाहीत, ते शाळा सोडतं. म्हणून कला ही सुखवस्तू मुलांची चैन, हे म्हणणं मला पटत नाही. आपल्याकडे ती वर्गात घेतली गेली, ती पैसा नसलेल्या शाळांमध्ये, सर्वांत गरीब मुलांसाठी.

आता तर २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेच्या माध्यमातून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. त्याचं स्वागतच आहे. पण आपल्याकडे चांगल्या कल्पनेचा ‘प्रोजेक्ट’ व्हायला वेळ लागत नाही. दुकानातून तयार चित्रं आणायची, आईने रात्री जागून ती कागदावर चिकटवायची आणि मुलाने सकाळी नेऊन द्यायची. यात मूल काय शिकलं? नदीचा धडा शिकताना मुलांनी मातीत नदी करून तिच्यात पाणी सोडलं, ते कुठे वळतं आणि कुठे साचतं ते पाहिलं, तर त्याला खर्च शून्य. लागतो तो वेळ, आणि थोडा गोंधळ सोसणारा शिक्षक.

असा शिक्षक आपल्या मुलाच्या शाळेत असेल, तर पालक म्हणून आपण त्याच्या बाजूने उभं राहायला हवं. ‘पोर्शन’ मागे पडला म्हणून तक्रार घेऊन जाण्यापूर्वी एकदा मुलाच्या शेजारी बसावं आणि विचारावं, ‘आज वर्गात काय करून पाहिलंस?’ ते उत्साहाने सांगायला लागलं, तर अभ्यास चालू आहे असं समजायला हरकत नाही.