सव्वासात गुंठ्यांचें दप्तर

इंग्लंडांत वन्य जीवांसाठीं घरचें आवार राखून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. यॉर्कशायरमधील वॉल्टन हॉलचा जमीनदार चार्ल्स वॉटर्टन यानें १८२१ ते १८२६ या अवधींत आपल्या उद्यानाभोंवतीं सुमारें तीन मैल लांबीची उंच भिंत घातली, आंत बंदूक उडवूं नये असा दंडक केला आणि घुबडांसाठीं मुद्दाम जागा बांधून दिली. लोकांनीं त्याला विक्षिप्त ठरविलें. त्याची दया खरी होती. पण ती जमीनदाराची दया होती. ज्या गृहस्थाजवळ भिंतीपुरता पैसा नाहीं व भिंतीच्या आंत घालावयास रानही नाहीं, त्यानें काय करावें, हा प्रश्न वॉटर्टनला पडण्याचें कारणच नव्हतें. त्याचें उत्तर दीडशें वर्षांनीं लेस्टर शहराच्या एका उपनगरांत मिळालें.

लेस्टर हें एके काळीं मोजे विणणाऱ्यांचें गांव. सृष्टिशास्त्राच्या इतिहासांत त्याचें नांव येतें तें एका ओळखीमुळें. १८४४ सालीं तेथील एका शाळेंत शिकविणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि त्याच गांवचा हेन्री वॉल्टर बेट्स यांची गांठ पडली. बेट्सनें वॉलेसला भुंगेरे गोळा करण्याचा नाद लाविला; लेस्टरच्या आसमंतांत त्यांच्या किती जाती आहेत हें ऐकून वॉलेस थक्क झाला होता. तरी १८४८ सालीं दोघेही ॲमेझॉनच्या अरण्याकडे निघून गेलेच. नवल शोधावयाचें तें उष्ण कटिबंधांत, ही त्या काळची समजूत. आणि ती अद्यापि पुरती गेलेली नाहीं.

जेनिफर ओवेन यांचा प्रवास उलट दिशेनें झाला. त्या व त्यांचे पती डेनिस ओवेन हे दोघेही प्राणिशास्त्रज्ञ. युगांडा व सिएरा लिओन येथें काम करून ते लेस्टरला आले, आणि १९७२ सालापासून बाईंनीं हंबरस्टन भागांतील आपल्या घरच्या बागेंत जें जें उगवतें, उडतें व सरपटतें त्याची नोंद ठेवण्यास आरंभ केला. ही नोंद २००१ पर्यंत, म्हणजे तीस वर्षें चालली. जागा ७४१ चौरस मीटर. आपल्या मापानें सुमारें सव्वासात गुंठे. तींत हिरवळ, फुलझाडें, भाजीचे वाफे आणि फळझाडें. आजूबाजूस तशींच घरें व तशाच बागा.

बागेंत बारीक जाळीचा एक तंबू उभा असे. तंबूंत शिरलेला किडा बाहेर पडण्याच्या धडपडींत वरच्या कोपऱ्याकडे चढत जातो, हें प्रवासांत पाहून स्वीडनचे रेने मालेझ यांनीं हें साधन काढिलें. कोपऱ्याशीं बाटली बसविली कीं झालें. रात्रीं पतंगांसाठीं दिव्याचा सांपळा. पकडणें त्या मानानें सोपें; खरें काम पुढचें. एकेक कीटक निवडून, त्याची जात ठरवून, कठीण असेल तर त्या त्या वर्गाच्या तज्ज्ञाकडे पाठवून, वहींत घालावयाचा. तीस वर्षांच्या अखेरीस हिशेब झाला तो असा : वनस्पती ४७४, कीटक १९९७, इतर अपृष्ठवंश जीव १३८, पृष्ठवंश ६४, एकूण २६७३ जाती. मधमाशीचें सोंग घेऊन फुलापुढें हवेंत स्थिर राहणाऱ्या माशांच्याच ९४ जाती निघाल्या, म्हणजे साऱ्या ब्रिटनमधील जातींच्या सुमारें एक तृतीयांश. सुरवंटाच्या अंगांत अंडीं घालणारे, गांधीलमाशीच्या गोतांतले इक्न्यूमॉन नांवाचे कीटक शेंकडों जातींचे होते, आणि त्यांतल्या कांहीं जाती शास्त्रालाच अज्ञात होत्या. ओवेन दांपत्यानें १९७४ सालीं या कीटकांची तुलना कंपाला व फ्रीटाऊन येथील संग्रहाशीं करून दाखविली. आफ्रिकेपुढें लेस्टर उणें पडलें नाहीं.

हें सारें साधलें कशानें? बाईंनीं कीटकनाशकें वापरलीं नाहींत. वाफे दाट लाविले, आणि वसंतापासून शिशिरारंभापर्यंत कोणतें ना कोणतें फूल उमललेलें राहील अशी लागवड केली. बाग मुळींच रानटी ठेविली नव्हती. आपल्याकडील कित्येक उत्साही मंडळी आवारांत गवत माजूं देतात व आळसालाच निसर्गप्रेम म्हणतात, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. पुढें १९९९ च्या सुमारास शेफील्ड येथील संशोधकांनीं ६१ खासगी बागा तपासल्या. फुलपाखरांसाठीं कुंड्यांत मुद्दाम लाविलेली खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटल वनस्पती बहुधा वायां गेली. उलट वृक्ष, कुंपणाचीं झुडपें, लहानसें डबकें यांनीं काम केलें. बाग मोठी कीं लहान, याला वाटलें होतें तितकें महत्त्व निघालें नाहीं.

साताऱ्यास १८५१ सालीं जन्मलेल्या एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यानें बंगल्याच्या आवारांतील उंदीर, पाली, मुंग्या व कावळे यांवर १८८३ सालीं एक अतिशय खुमासदार पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं मुंबईंत निसर्गेतिहासाची संस्था निघाली. तिच्या आठ संस्थापकांत एटकेनच्या जोडीला डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. म्हणजे घराभोंवतालच्या जीवांकडे पाहण्याची दृष्टि येथें नव्हती असें नाहीं. पण विनोदी निरीक्षण निराळें आणि तीस वर्षांची खतावणी निराळी.

खतावणीचा उपयोग नफ्यापेक्षां तुटीच्या वेळीं अधिक. दरवर्षीं एकाच जागीं, एकाच रीतीनें मोजल्यामुळें ओवेनबाईंना भर दिसली तशी घटही दिसली. पतंगांसारख्या पूर्वीं विपुल असलेल्या जीवांची आवक ओसरत गेली. बागेंत तर विष नव्हतें कीं कुऱ्हाड नव्हती. ब्रिटनभर लाविलेल्या सांपळ्यांच्या हिशेबानें १९६८ ते २००७ या काळांत मोठ्या पतंगांची एकंदर संख्या २८ टक्क्यांनीं उतरली. लेस्टरच्या बागेंत येणारे पतंग याच देशांतले. वॉटर्टनची भिंत शिकाऱ्याला अडवूं शकली. ओवेनबाईंच्या कुंपणावरून वारा, धूर आणि पलीकडच्या शेतांतली फवारणी हीं ये-जा करीतच होतीं, आणि तीस वर्षांच्या वह्यांत त्यांचीही नोंद नकळत होत गेली.