निजामाची फुलदाणी



आमच्या घरची निळी फुलदाणी हिंगोलीतल्या काही जणींनी पाहिलेली आहे. वीतभर उंच, गडद निळी काच, अंगावर पांढरी-गुलाबी फुलं आणि सोनेरी पानं. सासूबाई सांगायच्या, "निजाम सरकारनं आपल्या आजेसासऱ्यांना बक्षीस दिली." फुलं तोडून घरात ठेवायची नाहीत, म्हणून तिच्यात कायम मोरपिसंच असायची. 1996 साली दोघा भावांची वाटणी झाली. फुलदाणी मोठ्या जाऊबाईंकडे गेली आणि तिच्या बदल्यात तीन तोळ्यांच्या पाटल्या माझ्याकडे आल्या. निजामाची वस्तू म्हणून जाऊबाईंनी पाटल्यांवर पाणी सोडलं.

यंदा नातीच्या शिक्षणासाठी त्यांनी ती विकायला काढली. मला म्हणाल्या, "तू बी. कॉम. झालेली, तूच शोध कुठली ते." काचेचं मला काय कळणार? पण जमाखर्च जुळल्याशिवाय मला झोप येत नाही, तसंच हे झालं.

आपल्याकडे जुनी काच दिसली की सगळे 'बेल्जियम' म्हणून मोकळे होतात. मंदिरातल्या हंड्या-झुंबरं बेल्जियम, आरसे बेल्जियम, शरबताचे पेलेसुद्धा बेल्जियम! लेकीकडे हैदराबादला गेले तेव्हा सालारजंग म्युझियममध्ये काचसामानाच्या दालनात पुरती दुपार घालवली. 1951 साली उघडलेलं हे म्युझियम म्हणजे तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांचा संग्रह. तिथं युरोपातल्या अनेक देशांची काच आहे. आमच्या फुलदाणीच्या जवळची वाटली ती बोहेमियाची. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशाचा भाग, तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात.

तिथल्या डोंगरांत जंगल भरपूर. भट्टीला लाकूड आणि काच वितळवायला लाकडाच्या राखेचा क्षार, दोन्ही हाताशी. त्यामुळे गावंच्या गावं काचेवर जगायची. हायडा आणि स्टाइनशोनाउ ही दोन गावं काच रंगवण्यासाठी प्रसिद्ध होती. आज त्यांना नोवी बोर आणि कामेनित्स्की शेनोव म्हणतात. दुसऱ्या गावात 1856 सालीच काचकामाची शाळा निघाली होती. एका कारखान्यात नुसती काच फुंकायची आणि दुसऱ्याच घरांत तिच्यावर मिनाकाम करायचं, अशी विभागणी असे. म्हणून बहुतेक मालावर कोणाचंच नाव सापडत नाही.

हा मिना म्हणजे रंगीत काचेचीच बारीक पूड. ती तेलात कालवून कुंचल्यानं लावायची आणि पुन्हा भट्टीत घालायची. आच इतकीच हवी की पूड वितळून चिकटावी, पण फुलदाणी वाकू नये. आपण पुरणाला चटका देतो ना, त्याहून नाजूक काम! असा मिना बोटाला उंचवटा लागतो. छापील चित्र सपाट असतं. आमच्या फुलदाणीवर डोळे मिटून बोट फिरवलं तरी पाकळी कळते.

मग ती उलटी केली. इतक्या वर्षांत ती कोणी उलटी केली नव्हती, हे विशेष. बुडाशी गोल, घासून गुळगुळीत केलेली खळगी होती. फुंकताना काच ज्या सळईवर धरतात, ती सळई तोडल्याची ती जागा. तिच्या कडेला सोनेरी रंगात हातानं लिहिलेला बारीक आकडा. रंगवणारे नमुन्याचा क्रमांक असा बुडाला लिहीत. देशाचं नाव नाही. 1918 साली चेकोस्लोव्हाकिया झाला, त्यानंतरच्या बऱ्याच मालावर त्या देशाचं नाव छापलेलं असतं. तेव्हा आमची बहुधा त्याआधीची.

पण या सगळ्यावरून कोणी आणली ते कळत नव्हतं. सासऱ्यांच्या आडत दुकानाच्या जुन्या वह्या माळ्यावर होत्या, मोडीतल्या. ओळखीच्या एका गुरुजींनी दोन महिने बसून वाचल्या. फसली 1321 च्या कीर्दीत, म्हणजे 1911-12 साली, एक नोंद निघाली: हैदराबादहून आणलेलं काचसामान, त्यात 'फुलदाणी जोड 1', साडेअकरा रुपये हाली. निजामाच्या राज्यात त्याचं स्वतःचं नाणं चालायचं, ते हाली.

म्हणजे बक्षीस नव्हे, विकत. आणि एक नव्हे, जोडी! हिंगोलीच्या छावणीतल्या साहेबाची म्हणावी, तर फौज इथून 1903 सालीच हलली होती. त्या काळी आपल्या आज्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा त्याच मुलखातून पेट्याच्या पेट्या येत. पहिल्या महायुद्धात तो माल बंद पडला. स्वदेशीच्या ओढीनं 1908 सालीच तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता, आणि पुढे ओगल्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. तोपर्यंत बाजारातली नक्षीदार काच म्हणजे बहुतेक परदेशीच.

सुरेख आहे, जुनी आहे, पण अशा हजारोंनी निघाल्या. आज पाटल्यांना जो भाव येईल, त्याच्या पासंगालाही ती पुरणार नाही. वाटणीच्या कागदावर मात्र दोन्ही बाजू सारख्या धरलेल्या आहेत.

चार दिवस मी गप्प राहिले, खोटं का सांगू. यजमान म्हणाले, तीस वर्षांपूर्वीचं कशाला उकरायचं? पाचव्या दिवशी कीर्दीची वही आणि पाटल्यांचा डबा घेऊन जाऊबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, फुलदाणी उलटी करून आकडा पाहिला. मग डब्यातली एक पाटली उचलून स्वतःच्या हातात चढवली आणि दुसरी माझ्याकडे सरकवली.

"जोडी होती म्हणतेस," त्या म्हणाल्या, "मग दुसरी कुठं गेली?"

थोरल्या आत्याबाई 1948 च्या गडबडीत सामानासकट वाशिमला गेल्या होत्या. उद्या त्यांच्या सुनेला फोन करणार आहे.