नांदगावचे गणक आणि ग्रहणाची साक्ष

पंचांगात दिलेली तिथी नेमकी किती घटिकांना संपते हे डोळ्यांनी पाहून ठरवण्याचे साधन सामान्य गृहस्थापाशी कधीच नव्हते. ग्रहणाचे मात्र तसे नसे, कारण स्पर्शाची वेळ चुकली तर ती स्नानासाठी नदीवर जमलेल्या साऱ्या गावाला दिसे. त्यामुळे ग्रहण ही गणकाची खरी परीक्षा मानली गेली, आणि महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांनी ती साडेतीनशे वर्षे ज्या ग्रंथाच्या आधाराने दिली, तो ‘ग्रहलाघव’ कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळच्या नांदगावात सिद्ध झाला.

या ग्रंथाचा कर्ता गणेश दैवज्ञ हा केशव दैवज्ञाचा पुत्र. केशवाने 1496 मध्ये ‘ग्रहकौतुक’ रचले, आणि सूर्यसिद्धान्त, आर्यभटाची परंपरा व ब्रह्मगुप्ताची परंपरा यांवरून काढलेले ग्रह एकमेकांशी जुळत नाहीत हे पाहून त्याने ग्रहांच्या युती आणि उदयास्त स्वतः न्याहाळले. पूर्वसूरींचा आदर राखूनही आकाशाला अधिक प्रमाण मानणारी ही वृत्ती त्या काळाच्या मानाने विलक्षण म्हटली पाहिजे. गणेशाने ती वारशाने घेतली. ग्रहलाघवाचा आरंभकाल शके 1442, म्हणजे 1520, असून त्यात कोणत्याही एका परंपरेचा हट्ट नाही: रवी सूर्यसिद्धान्ताचा, चंद्र त्याच सिद्धान्ताचा पण 9 कलांनी कमी केलेला, गुरू, मंगळ व राहू आर्यपक्षाचे, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेचे, तर शनी आर्यपक्षाचा असूनही त्यात 5 अंश मिळवलेले. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. एवढ्या बारीक दुरुस्त्या अनुभवाशी ताळा घातल्याशिवाय सुचत नाहीत.

ग्रंथाचे नाव सार्थ ठरते ते त्यातील गणिताच्या हलकेपणामुळे. जुन्या पद्धतीत गणकाला कलियुगाच्या आरंभापासून गेलेल्या दिवसांची संख्या, म्हणजे अहर्गण, मांडावी लागे, आणि ती गणेशाच्या काळी सुमारे 16 लाख 88 हजार इतकी झाली होती. 11 सौर वर्षांत जवळजवळ पूर्ण 136 चांद्रमास बसतात हे हेरून गणेशाने 4016 दिवसांचे एक ‘चक्र’ कल्पिले. गेलेली चक्रे वेगळी मोजायची, प्रत्येक चक्रासाठी ग्रहाच्या स्थानात करायचा ठराविक फरक आधीच देऊन ठेवायचा, आणि प्रत्यक्ष गुणाकार-भागाकार फक्त उरलेल्या दिवसांवर करायचा, अशी त्याची योजना होती. याहून धीट पाऊल म्हणजे त्याने कोनाच्या ज्या, ज्यांना आजच्या त्रिकोणमितीत साइन म्हणतात, गणितातून पार काढून टाकल्या.

या धाडसाची किंमत किती होती हे चंद्रग्रहणाच्या गणितात चांगले तपासता येते. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन बिंदूंत छेदते त्यांना पात म्हणतात, आणि गणिताच्या दृष्टीने राहू म्हणजे त्यांपैकी एक पात, याविषयी सिद्धान्तकारांना संदेह नव्हता. पौर्णिमेच्या अंती सूर्य राहूपासून, किंवा समोरच्या पातापासून, 14 अंशांच्या आत असेल तरच ग्रहणाचा संभव, असे ग्रहलाघव सांगते. ते अंतर 11 ने गुणून 7 ने भागले की चंद्राचा शर, म्हणजे सूर्यमार्गापासून उत्तरेला वा दक्षिणेला असलेले त्याचे अंतर, अंगुलांत मिळते. अंगुल म्हणजे 3 कला. समजा, पातापासूनचे अंतर 7 अंश आहे. तर शर 11 अंगुले, म्हणजे 33 कला. सिद्धान्तांनी मानलेला 270 कलांचा परमशर घेऊन हेच गणित ज्येने केले तर उत्तर 32.9 कला येते. फरक कलेच्या दहाव्या भागाचा. लहान कोनांत ज्या कोनाच्याच प्रमाणात वाढते आणि ग्रहण पातापासून दूर होतच नाही, म्हणून ही सूट येथे निर्धोक ठरते, आणि गणेशाची प्रतिभा ती सूट कोठे घ्यावी हे ओळखण्यात आहे. खरा दोष सिद्धान्तांकडून आलेल्या परमशरातच होता. चंद्राच्या कक्षेचा सरासरी कल 5 अंश 9 कला, म्हणजे 309 कला आहे. पुढे शर हाती आला की चंद्रबिंब व पृथ्वीची छाया यांच्या त्रिज्यांच्या बेरजेतून तो वजा करायचा. राहील तितके बिंब झाकले जाणार. धूळपाटीवर काही ओळींत हे सारे उरकत असे.

ग्रंथ झपाट्याने पसरला. गणेशाचा शिष्य दिवाकर हा गोदावरीकाठच्या गोलग्रामचा. त्याचे वंशज काशीस जाऊन राहिले आणि त्यांच्यातील मल्लारी व विश्वनाथ यांनी ग्रहलाघवावर टीका लिहिल्या. गणेशाने स्वतः ‘तिथिचिंतामणी’ची कोष्टके रचून वर्षाचे पंचांग करणे आणखी सोपे केले, त्यामुळे गुजरात-कर्नाटकातही ही पद्धत रुजली.

परंतु ग्रहणाच्या साक्षीला एक मर्यादा होती. चंद्राच्या गतीतील सर्वांत मोठी विषमता सिद्धान्तकारांनी सुमारे 5 अंशांची धरली होती; वास्तविक ती 6 अंशांहून अधिक असून सूर्याच्या आकर्षणामुळे उद्भवणारी दुसरी विषमता, जिला च्युती म्हणतात, पौर्णिमा-अमावास्येला तिला 5 अंशांपर्यंत उतरवते. ग्रहणे याच दोन तिथींना होत असल्याने जुने गणित तेथे पुष्कळसे जुळे, आणि अष्टमीच्या सुमारास मात्र चंद्र दोन-अडीच अंशांनी चुकला तरी ते कोणाच्या नजरेस येत नसे. तिथी सूर्य-चंद्रांतील 12 अंशांच्या अंतराने बदलते, तेव्हा एवढ्या चुकीने ती चार-पाच तास पुढेमागे होई. गणकांनी केशवासारखे आकाश न्याहाळणे सोडल्यावर तर ही चूक उघडकीस येण्याचा मार्गच उरला नाही.

ती उघड झाली एकोणिसाव्या शतकात, युरोपीय कोष्टके हाती आल्यावर. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि 1865 पासून त्यांच्या गणिताचे, पुढे पटवर्धनी म्हणून ओळखले गेलेले पंचांग निघू लागले. मूळचे पुण्याचे बापूदेव शास्त्री यांनी काशीत 1876 पासून इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधाराने पंचांग काढले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात गणेशाची थोरवी आणि त्याच्या गणिताच्या उणिवा दोन्ही नोंदवल्या, तेव्हाही महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे ग्रहलाघवावरच चालत होती. नव्या पंचांगातील पौर्णिमा-अमावास्येपासून दूरची तिथ्यंतरे जुन्यापासून काही घटिकांनी सरकलेली असत, आणि सूर्योदयाच्या वेळची तिथी त्यामुळे बदलली की शेजारच्या दोन घरांत एकादशीचा उपास दोन वेगळ्या दिवशी पडे.