वेळासची नोंदवही

ऑलिव्ह रिडले कासवाचं अंडं दिसायला टेबल टेनिसच्या चेंडूसारखं असतं. पांढरं, गोल, पण कवच मऊ. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांची वाट बघायला ती थांबत नाही. पुढचे पन्नासेक दिवस ती अंडी ज्याला सापडतील त्याची. कोल्ह्याची, कुत्र्याची, डुकराची, नाहीतर माणसाची.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं छोटंसं गाव आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वीपर्यंत इथं ही अंडी खाल्ली जायची, विकली जायची. आज त्याच गावात फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरातली पोरं पहाटेचा गजर लावून उठतात आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला वाळूत बसतात. वीस-पंचवीस वर्षांत एका गावाची सवय अशी उलटी कशी फिरते? हा प्रश्न मला कासवांपेक्षाही जास्त खुणावत होता.

त्याला कारण आहे. मी पवनारचा. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठावरचं हे गाव. समुद्र आमच्यापासून इतका लांब की वर्ध्याहून मुंबईला रेल्वेनं जायचं तरी साडेसातशे किलोमीटर होतात. पण गावाची सवय बदलण्याचा देशातला एक फार मोठा प्रयोग आमच्याच नदीकाठच्या माणसानं केला होता. विनोबा भावे. ते १९३८ मध्ये तब्येत सुधारायला पवनारला आले आणि आश्रम तिथंच उभा राहिला. १९५१ मध्ये ते पवनारहून पायी तेलंगणात गेले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. कायदा न करता, जबरदस्ती न करता, माणसाला नुसतं सांगून त्याच्याकडून जमीन मागायची. आमच्याकडे शाळेत हे इतक्या वेळा ऐकवलं जातं की त्यातलं आश्चर्यच संपून जातं.

गंमत म्हणजे विनोबा मूळचे कोकणातले. पेण तालुक्यातल्या गागोद्यात त्यांचा जन्म झाला. ते कोकणातून आमच्याकडे आले आणि मी त्यांच्या प्रश्नाचं ओझं घेऊन कोकणात निघालो, असं म्हणता येईल. अर्थात माझ्या पाठीवर लॅपटॉपची बॅगही होती.

पुण्याहून हरिहरेश्वर, तिथून बागमांडल्याला जायचं आणि जंगलजेटीनं खाडी ओलांडायची. बाईक, टेम्पो, माणसं, माशांच्या पाट्या, सगळं एकाच तराफ्यावर. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडचं वेश्वी येतं. ही सावित्री नदीची, म्हणजे बाणकोटची खाडी. तिच्या तोंडाशी बाणकोटचा किल्ला आहे. १७५५ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला, त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी पेशव्यांशी तह करून तो कायमचा पदरात पाडून घेतला. आज तिथं एवढ्या मोठ्या इतिहासाचा काही गाजावाजा नाही. जांभ्या दगडाची भिंत, गवत आणि समोर चमकणारं पाणी.

हीच खाडी त्याआधी आणखी एका माणसानं ओलांडली होती, तीही जीव मुठीत धरून. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर त्यांनी गाव सोडलं आणि ते वेळासला भानूंच्या आश्रयाला आले. तिथून भट आणि भानू बरोबरच घाटावर गेले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि फडणिशी भानूंच्या घरात आली. त्याच घरातला बाळाजी जनार्दन भानू म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले नाना फडणवीस.

फडणीस म्हणजे हिशेब आणि दप्तर सांभाळणारा माणूस. नानांचं राजकारण आपल्याला आठवतं, पण त्या राजकारणाचा पाया कोण कुठं आहे, किती येणं, किती देणं याच्या रोजच्या नोंदींत होता. हे मी इथं मुद्दाम सांगतोय, कारण वेळासच्या कासवांची गोष्टही शेवटी नोंदीचीच आहे.

२००२ च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे लोक पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची घरटी शोधत किनाऱ्यानं फिरत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. म्हणजे कासवं इथं येत होती, आणि अंडी पळवली जात होती. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाशी बोलायला सुरुवात केली.

कायदा तेव्हाही होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. ऑलिव्ह रिडले त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर तिला वाघाइतकंच संरक्षण. पण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा. प्रत्येक वाळूवर, प्रत्येक रात्री, प्रत्येक पावलाच्या खुणेमागे कोण उभं राहणार? कायदा दिल्लीत झाला होता. वेळासच्या वाळूत तो उतरायचा बाकी होता.

तो उतरला तो एका साध्या कामाच्या रूपानं. गावातलीच माणसं पहाटे किनाऱ्यावर फिरू लागली. मादीच्या फ्लिपरची खूण दिसली की घरटं शोधायचं, अंडी अलगद काढायची आणि जाळीचं कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरायची. वर पाटी लावायची: घरट्याचा क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालायची. या माणसांना आता सगळीकडे कासवमित्र म्हणतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले, घरांत राहण्या-जेवणाची सोय झाली. जे अंडं एकदाच विकता येत होतं, ते आता न विकताच दरवर्षी घरात चार पैसे आणू लागलं.

मी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकूंना मी विचारलं, पूर्वी अंडी खाताना काही वाटायचं नाही का? त्या घावण उलटत म्हणाल्या, "अरे, वाटायचं काय त्यात? कोंबडीचं खातोस ना तू? तसंच ते. कुणी सांगितलंच नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि नुसतं सांगून तरी काय झालं असतं? रोज सकाळी कुणीतरी जाऊन बघतंय, हे दिसायला लागलं तेव्हा लोक ऐकायला लागले."

काकूंच्या त्या वाक्यानं मला थेट पवनारला नेऊन सोडलं. भूदानात चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन कबूल झाली. जगात दुसरीकडे कुठं नुसत्या सांगण्यावर एवढी जमीन मिळाली असेल असं वाटत नाही. पण त्यातला मोठा हिस्सा भूमिहीनांपर्यंत कधी पोचलाच नाही. काही जमीन खडकाळ निघाली, काही वादातली, काही नुसतीच दानपत्रावर राहिली. विनोबांनी माणसाच्या मनाला हात घातला होता, ते खोटं नव्हतं. पण ते पुढच्या गावाला गेल्यावर मागच्या गावात सात-बारा घेऊन रोज बसणारा माणूस सगळीकडे नव्हता. एकीकडे १९७२ चा कायदा, दुसरीकडे १९५१ ची करुणा. दोन्ही मोठ्या गोष्टी, आणि दोन्ही एकाच जागी अडकतात: उद्या सकाळी कोण जाऊन बघणार?

दुसऱ्या दिवशी सातला आम्ही सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. कासवमित्रानं एकेक टोपली उचलली. दोन रिकाम्या निघाल्या. तिसरीखाली वळवळ होती. तळहातावर मावतील अशी काळपट पिल्लं. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत, थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात. त्यांनी आपल्या पायांनी समुद्र गाठायचा. मोठी झालेली मादी अंडी घालायला पुन्हा जन्माच्या किनाऱ्याच्या आसपास येते, आणि या पहिल्या चालीचा त्याच्याशी संबंध असावा असं मानलं जातं. दोरीच्या अलीकडे आम्ही चाळीसेक जण, फ्लॅश बंद, श्वास रोखून. एक लाट आली, चार पिल्लं घेऊन गेली, एकाला उलटं टाकून गेली. त्यानं हातपाय झाडून स्वतःला सरळ केलं आणि पुन्हा चालायला लागलं. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. तरी कासवमित्र वहीत लिहीत होता: घरटं अमुक, पिल्लं इतकी, न उबलेली अंडी इतकी.

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा माणूस. लॉग वाचणं हे कुणालाही न आवडणारं काम आहे. पण बिघाड सापडतो तो तिथंच. या वह्यांमुळेच किनाऱ्याबद्दल मोठे प्रश्न विचारता येतात. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला. पश्चिम किनाऱ्यावरची अशी पहिली, म्हणून तिचं नाव प्रथमा. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या अंगावर ओडिशात २०२१ मध्ये लावलेली पट्टी सापडली. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी, हा समज एका क्रमांकानं हलवला. कुणीतरी चार वर्षांपूर्वी नीट नोंद केली होती, आणि कुणीतरी ती नीट वाचली.

ओमानच्या वाळवंटी किनाऱ्यावर, रास अल जिंझला, हिरवी कासवं येतात. तिथं सरकारी अभयारण्य आहे, तिकीट आहे, रात्री वाटाड्या नेतो. ती एक पद्धत झाली. वेळासची पद्धत घरांवर उभी आहे, आणि तिचा धोकाही तोच आहे. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. उष्ण वाळूत माद्याच जास्त निपजतात. उन्हाळा वाढतोय. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर पिल्लांपेक्षा पाहुणे जास्त असतात. आणि गावातली तरणी मुलं मुंबई-पुण्याला जातात, जसा मी पवनारहून गेलो. पहाटे साडेपाचला उठून तीन किलोमीटर वाळू तुडवणं हे काम कुणाच्या सीव्हीवर शोभून दिसत नाही.

म्हणून वेळासला जाल तर मोदक खा, सोलकढी प्या, फोटोही काढा. पण परतताना एकदा हॅचरीच्या जाळीजवळ उभं राहून त्या पाट्या वाचा. तारीख, क्रमांक, संख्या. त्या पाट्यांवर ज्याचं अक्षर आहे त्याला विचारा, तुझ्यानंतर हे कोण लिहिणार? मी विचारलं. त्यानं शेजारी उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवलं. ती टोपली झटकत होती. तिनं वर बघितलंही नाही, आत अजून एखादं पिल्लू अडकलंय का ते ती पाहत होती.