संप मिटला

जानेवारी २०१९मध्ये मुंबईहून बडोद्याला निघताना मावशीने तिळाच्या वड्यांचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होता. घरी आल्यावर तो सोडला, तेव्हा शेजारच्या बेन बसल्या होत्या. त्यांनी कागद गुडघ्यावर सरळ केला आणि मथळा वाचला : बेस्टचा संप मिटला. "अरेरे," त्या म्हणाल्या, "भांडणं झाली की काय?"

गुजरातीत संप म्हणजे एकोपा. 'संप त्यां जंप' अशी म्हणच आहे : जिथे एकी, तिथे शांती. (मराठी कानांनी ती ऐकली तर संपाच्या दिवशी घरी पडून राहणाऱ्याचं समर्थन वाटेल.) काम बंद पाडण्याला गुजराती हडताल म्हणते, म्हणजे हाटाला ताळं. बंगालीत धर्मघट. मराठीने मात्र बंद पडलेल्या वस्तूवरून नाव न ठेवता, माणसं एक झाली या गोष्टीवरून ठेवलं. अनुवादक म्हणून इतकी वर्षं मी 'संप'च्या जागी निमूट 'हडताल' लिहीत आले, आणि त्यात काही गळतं आहे हे बेनांनी चुकून दाखवलं.

तो संप ८ जानेवारीला सुरू झाला. सुमारे ३२ हजार कामगार, तीन हजारांवर बसगाड्या, रोजचे २५ लाखांच्या आसपास प्रवासी. मागण्यांत सर्वांत मोठी होती अर्थसंकल्पाच्या विलीनीकरणाची. बेस्ट ७ ऑगस्ट १९४७पासून महापालिकेच्या मालकीची, पण तिचा हिशेब वेगळा. पूर्वी वीजविभागाच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघे. ती सोय आटत गेली, आणि २७ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प असलेल्या पालिकेच्या घरात ही एक पोर वेगळ्या चुलीवर जेवत राहिली. दुसरी मागणी २००७नंतर लागलेल्या कामगारांची. तोच रस्ता, तीच पाळी, तोच खाकी गणवेश. पगार मात्र खालच्या श्रेणीचा.

मला त्या नऊ दिवसांतलं सर्वांत लक्षात राहिलं ते दुसऱ्या दिवसाचं. पालिकेत सत्ता शिवसेनेची, आणि बेस्टमध्ये तिची स्वतःची संघटना. ती संपातून बाहेर पडली. गाड्या रस्त्यावर येतील असं सांगितलं गेलं. मी सकाळी मावशीच्या मुलुंडच्या घरातून स्टॉपवर जाऊन उभी राहिले. अर्धा तास. मग चालत स्टेशन गाठलं. ज्या संघटनेने माघार घेतली तिचे सभासदही कामावर आले नव्हते. मेस्मा लावला गेला, कर्मचारी वसाहतींत घरं रिकामी करायच्या नोटिसा गेल्या, आणि भोईवाड्यात कामगारांच्या घरच्या बायका खाली उतरल्या. मावशीचे यजमान, आमचे काका, निवृत्त कंडक्टर. ते दिवसभर टीव्हीसमोर. आम्ही स्टेशनपर्यंत रिक्षाला किती मोजले हे मावशी पुन्हा पुन्हा सांगे, आणि काका आवाज वाढवत. प्रवाशाचे हाल खरेच होते, ते मी नाकारत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला रिक्षा परवडत नाही, ती चालते.

१६ तारखेला उच्च न्यायालयात प्रकरण सुटलं. खालच्या श्रेणीतल्यांना दहा टप्प्यांची वेतनवाढ, बाकीच्या मागण्यांसाठी निवृत्त न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो मध्यस्थ. कामगार जिंकले असंच तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, आणि मीही म्हटलं.

जूनमध्ये करार झाला. बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखायच्या आणि भाडेतत्त्वावरच्या गाड्याही आणायच्या. जुलैत किमान भाडं आठ रुपयांवरून पाच झालं. प्रवासी खूश. नव्या वातानुकूलित गाड्या आल्या. त्यांच्या अंगावर नाव बेस्टचं, पण गाडी कंत्राटदाराची आणि ड्रायव्हरही त्याचाच. स्वतःच्या जुन्या गाड्या भंगारात जात राहिल्या, तो ३,३३७चा आकडा कागदावर राहिला, आणि चार वर्षांत निम्म्याहून जास्त ताफा भाड्याचा झाला. पगारातल्या ज्या दुजाभावावरून २०१९चा संप झाला होता, तो आता एका नोकरीतल्या दोन श्रेणींचा उरला नाही. एकाच डेपोत दोन मालक झाले.

२ ऑगस्ट २०२३ला घाटकोपर आणि मुलुंड डेपोंतल्या भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर थांबले, आणि ते लोण इतर डेपोंत पसरलं. त्यांच्यामागे २०१९सारखी जुनी, मान्यताप्राप्त संघटना नव्हती. मागणी साधी : पगार वाढवा, बेस्टच्या माणसासारखं वागवा. बेस्टचं म्हणणं, हे कामगार आमचे नाहीत, कंत्राटदाराशी बोला. गैरसोय होऊ नये म्हणून एसटीच्या गाड्या आणल्या. त्याच एसटीच्या कामगारांनी दीडेक वर्षापूर्वी जवळजवळ सहा महिने संप केला होता, आणि त्यांचीही मागणी विलीनीकरणाचीच होती. आठवड्याभरात हाही संप मिटला.

त्याच आठवड्यात मी २०१९वरचा एक मराठी लेख गुजरातीत आणत होते. 'संप'पाशी अडले आणि काकांना फोन लावला. शब्दाचं त्यांना काही नव्हतं. ते सकाळीच एसटीत बसून आले होते.

"कंडक्टर साताऱ्याकडचा गं," ते म्हणाले. "स्टॉप कुठले, ते मलाच विचारत होता. सांगितले सगळे. शेवटी त्याने तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, म्हणाला, बाबा, तुम्हीच तर गाडी चालवलीत."

"मग?"

"मग काय. मी दिले."